अण्णामामांची तीन कोटेशनं

ज्या दिवसांत आमच्या घरी दोन्ही वेळांना मिळून एकच भाजी व्हायची, त्या दिवसांतही अण्णामामा ती भाजी तीन कोटेशनं घेतल्याशिवाय विकत घेऊ द्यायचे नाहीत.

घ्यायची असायची पाव किलो गिलकी, म्हणजे घोसाळी. देवासला टेकडीखाली आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीचे ठेले लागतात. मामा पहिल्या ठेल्यापुढे छत्री टेकवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "भिया, भाव बोलो. सोच के बोलना, बाद में बदला नहीं जाएगा." मग दुसरा ठेला, मग तिसरा. तिसऱ्यानं एकदा विचारलं, "दादा, गिलकी लेनी है कि सड़क बनवानी है?"

"नियम दोनों का एक ही है," मामा म्हणाले.

मी मागे पिशवी घेऊन उभी. शाळेतल्या मुली दिसल्या की मी पिशवी तोंडापुढे धरायची.

माझे बाबा मी आठवीत असताना गेले. आई घरी बसून परकर शिवायची. कापड दुकानदाराचं, भाव दुकानदाराचा, आणि शिलाई वाकडी निघाली तर चूक तेवढी आमची. आम्ही जातीचे शिंपी. दरबाराबरोबर इकडे माळव्यात आलो, दरबाराचे तंबू शिवले म्हणे. दरबार गेला, तंबू गेले, सुई तेवढी राहिली. घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी चढले, बी. कॉम. झाले. हे मी विचारलं नसतानाही सांगते. खरं आहे, मग का सांगू नये?

अण्णामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. राहायला धारला, एकटेच. सरकारी खात्यात भांडार बाबू होते आणि जन्मभर त्यांनी एकच काम केलं: लोकांच्या निविदा उघडल्या आणि कोण नियमात बसतं, कोण बसत नाही ते ठरवलं. निवृत्त झाल्यावर खात्यानं त्यांना शाल दिली, पण नियम काही परत मागून घेतले नाहीत. ते मामांबरोबर घरी आले.

दर गुरुवारी मामा धारहून पहिल्या बसनं निघायचे, इंदूरला बस बदलायचे आणि जेवायच्या आत आमच्या दारात हजर. चप्पल काढता काढता आईला जुन्या वळणाचं वाक्य ठरलेलं, "सुमे, मी दाखल झालों." मग पिशवी, मग ठेले, मग कोटेशनं.

सगळ्यात कमी भाववाला तो एल-वन. त्यानंतरचा एल-टू. ही भाषा त्यांनी नातेवाइकांनाही लावलेली होती. लग्नाकार्यात कोण किती उपयोगाला आलं यावरून माझे एक चुलते एल-थ्री झाले ते आजवर एल-थ्रीच आहेत.

मला एक स्थळ सांगून आलं होतं, उज्जैनचं. चहा होतो न होतो तोच मुलाचे वडील म्हणाले, "देण्याघेण्याचं आपण एकदा बोलून घेऊ न." मामांनी कप खाली ठेवला. निविदेत दोन लिफाफे असतात, आधी लायकीचा, मग पैशाचा. "आर्थिक लिफाफा नंतर. आधी तांत्रिक. मुलगा स्वतःचा चहा स्वतः करतो का?" मुलगा आईकडे बघायला लागला. मामा उठले. "तांत्रिक बोलीत अपात्र. दुसरा लिफाफा न उघडता परत." त्या मंडळींना दारापर्यंत पोचवून आले आणि मला म्हणाले, "बेटा, तू शीक."

पण ठेल्यांवरची खरी गंमत चौथ्या भावात होती. ठेल्यांच्या पुढे गोणपाटावर एक म्हातारी चार वाटे मांडून बसायची. तिचा भाव ठेल्यांपेक्षा थोडा जास्त. मामा तिच्यापुढे वाकायचे. "अम्मा, उधर का भाव इतना है. आप पंद्रह टका के अंदर हो. उसी भाव में दोगी तो आधा माल आपका."

"ले जा बेटा," ती म्हणायची, "तू बोलता बहुत है."

मग पाव किलो गिलकी दोन ठिकाणांहून यायची. आधी एल-वनकडून आधपाव, मग अम्माकडून आधपाव. ठेलेवाल्यानं तराजू आपटला तरी मामांवर परिणाम नाही.

एका गुरुवारी मी वैतागून विचारलं, "मामा, हे काय आहे?" तेव्हा त्यांनी सांगितलं. सरकारी खरेदीत मोठा कारखाना सगळ्यात स्वस्त देतोच. मग लहान माणसानं मरायचं का? म्हणून नियम आहे. लहान उद्योगाचा भाव त्याच्यापेक्षा पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर त्याला विचारायचं, त्या भावात देतोस का? हो म्हणाला तर कामाचा एक हिस्सा त्याचा. अनामत भरण्यातूनही त्याला सूट. आणि धंदा बाईच्या मालकीचा असेल तर तिच्यासाठी हिस्सा आणखी वेगळा राखलेला.

आई मशिनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "अण्णा, हे सगळं गिलकीपुरतंच आहे का?"

मामांनी मशिनशेजारचा शिवलेला परकर उचलून उलटासुलटा पाहिला.  बसची वेळ झाली तेव्हा छत्री हातात घेऊन दारात म्हणाले, "सुमे, तू नियमात बसतेस. जन्मभर मी परक्यांना बसवत आलों. तू घरचीच होतीस."

अशा रीतीनं आईचा धंदा उभा राहिला. चादरी आणि उशांचे अभ्रे. शेजारच्या दोघी कामाला आल्या, आणखी दोन मशिनं आली. कॉम्प्युटरवरची नोंदणी मी केली. नाव आईचं, सही आईची. आणि एका सरकारी रुग्णालयाच्या चादरींची निविदा निघाली तेव्हा आम्ही भाव भरला. आता एकच गोष्ट राहिली होती. खात्याचे साहेब घरी येऊन बघणार होते, की हा धंदा खरोखर बाईचा आहे की बाई नुसती नावाला आहे. साहेब "हो" म्हणाले तर चादरी. "नाही" म्हणाले तर आई पुन्हा दुकानदाराच्या परकरांवर.

साहेब आले. मामा आदल्या रात्रीपासूनच मुक्कामाला. इस्त्रीचा सदरा, छत्री मांडीवर आडवी.

"माताजी, कपड़ा कहाँ से लेती हैं?" साहेबांनी विचारलं.

"इंदौर से," मामा म्हणाले.

"एक दिन में कितनी चादर?"

मामांनी सांगितलं. धाग्याचा नंबर सांगितला. कापडाचा पन्हा सांगितला. कोणत्या नियमाखाली आपण पात्र आहोत तेही पोटकलमासकट सांगितलं. आई डोक्यावरचा पदर सावरून चहाचा ट्रे घेऊन उभी. आमच्यात थोरला भाऊ बसलेला असताना बहीण परक्या माणसाशी बोलत नाही. कोणी तसं सांगत नाही, पण बोलत नाही. मी तिला दोनदा डोळ्यांनी खुणावलं. तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

साहेब चहा पिऊन उठले. जाताना आईला हात जोडून म्हणाले, "चाय बहुत अच्छी थी." तेवढंच आईचं मूल्यमापन झालं.

शेरा आला: महिला नाममात्र, धंदा भाऊ चालवतो.

मामांनी तो वाचला आणि चष्मा पुसला. मला वाटलं, आता साहेबांच्या सात पिढ्या एल-थ्री होणार. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. त्या खुर्चीवर मी असतों तर मीही हेच लिहिलं असतं." मग चष्मा पुन्हा लावून, "सुमे, तुला कापड कोणतं आणायचं हे मला कोण सांगतं ग?"

"मी," आई म्हणाली.

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

पुन्हा तपासणी मागता येते, हे अर्थात मामांनाच माहीत होतं. अर्ज मी केला. पुढचे सगळे गुरुवार आमच्याकडे रंगीत तालीम. मामा साहेब होऊन दारावर टकटक करायचे आणि आईला प्रश्न विचारायचे. घोटाळा एवढाच की प्रश्न विचारून झाला की उत्तरही तेच द्यायचे. तिसऱ्या तालमीत आईनं त्यांच्या तोंडात लाडू कोंबला आणि मगच उत्तर दिलं.

तपासणीच्या दिवशी मामा आपणहून म्हणाले, "मी हाटपिपल्याला जातों. नृसिंहाच्या देवळात बसतों. इथे असलों तर बोलेन." आणि गेले.

साहेब तेच होते. आईनं त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः समोर बसली. ट्रे माझ्या हातात. कापडाचं विचारल्यावर तिनं तागाच पुढे ओढला. "अस्पताल में चादर उबालते हैं साब. ये कपड़ा पहली धुलाई में सिकुड़ता है. इसलिए मैं पहले धोती हूँ, बाद में काटती हूँ." साहेब लिहायला लागले. मधेच माझा फोन वाजला. मामा. "मी बोलत नाहीये," म्हणाले आणि ठेवून दिला.

"और वो जो पिछली बार बोल रहे थे," साहेबांनी विचारलं, "वो क्या करते हैं?"

"मेरे बड़े भाई हैं. गुरुवार को आते हैं, खाना खाते हैं, सब्ज़ी का भाव करते हैं."

"और धंधे में?"

"धंधे में मैं हूँ."

साहेब हसले. या वेळी चहाबद्दल काही बोलले नाहीत.

आई पात्र ठरली. भाव मोठ्या कारखान्यापेक्षा थोडा जास्त होता, पंधरा टक्क्यांच्या आत. त्या भावाला उतरली आणि हिस्सा मिळाला. चादरी रुग्णालयात पोचल्या.

आणि गुरुवारी मामा आले नाहीत.

पहिल्या गुरुवारी म्हणे बस चुकली. दुसऱ्या गुरुवारी गुडघा. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी कारण सांगायचंही टाळलं, तेव्हा त्या रविवारी आईनं चालू मशिन बंद केलं आणि आम्ही दोघी धारला गेलो.

मामांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. आम्ही मामांकडचे हे कळल्यावर तिनं आईचा हात धरला. "पहले तो आधा घंटा सिर खाते थे, बेन. चार जगह भाव पूछ के आते थे. अब पूछते ही नहीं. जो तौल दूँ, ले जाते हैं. तबीयत तो ठीक है न उनकी?"

 मामांच्या घराचा जिना चढताना आईनं माझा हात धरला, जो ती एरवी धरत नाही.

मामा खिडकीशी बसले होते. छत्री खुंटीला. आम्हाला बघून उठले आणि खुर्ची पुसायला लागले. "तुझं आता बरं चाललंय," ते म्हणाले. "मी तिथे बसून राहिलों तर पुन्हा तोच शेरा येईल. मी आता नियमात बसत नाही, सुमे."

आई खुर्चीवर बसली. त्यांच्यासमोर, त्या दिवशी साहेबांसमोर बसली होती तशीच.

"अण्णा, गिलकीची तीन कोटेशनं आली आहेत. गोणपाटावरची अम्मा वाट बघून राहिली आहे. ठरवायचं कोणी?"

"तू ठरव. मालक तू आहेस."

"मालक म्हणूनच सांगते आहे," आई म्हणाली. "गुरुवारी या."

मामांनी खुर्ची पुसायचं फडकं नीट घडी करून ठेवलं, मग तीच घडी मोडून पुन्हा घातली. मग खुंटीवरची छत्री काढून दाराजवळ ठेवली. गुरुवारला अजून चार दिवस होते.

आज धंदा आईच्या नावावर आहे आणि तो आईच चालवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर त्याचा हिशेब बघते. आणि गुरुवारी आमच्याकडे दोन भाज्या होतात. दोन्हींची तीन-तीन कोटेशनं.