विमानाचे काचेस हळद लागली, त्याचा वृत्तांत

श्री. जो सर्वांचे आरपार पाहतो आणि तरी कोणास बोलत नाही, त्यास नमन. शके १९१३, प्रजापतिनाम संवत्सर, आश्विन मास, शुद्ध पक्ष. ते साली एक राज्य होते. त्याचे नाव लिहावयाचे कारण नाही. पूर्वेस जिना, पश्चिमेस गॅलरी, दक्षिणेस मोरी, ऐसा मुलूख. पाहावयास लहान, परंतु झाडावयास घेतला तर मोठाच. तेथे मुकुंदराव राजे राज्य करीत. दिवसा कचेरीत चाकरी करावी आणि सायंकाळी दिवाणखान्यात मेज मांडून प्लास्टिकची छोटी विमाने जोडावी, हा त्यांचा नाद. शेजारी राणी शैलाबाई, आणि मस्तकी मातोश्री जानकीबाई यांचे छत्र.

थोरले महाराज, म्हणजे मातोश्रींचे यजमान, हे विमानाचे शाळेत मुलांस उडावयास शिकवीत. ते निवर्तल्यास बहुत वर्षे लोटली होती, आणि विमानात बसलेली त्यांची तसबीर घरात एकही नव्हती. सबब मुकुंदरावांचे मनात आले की, तैसेच विमान करावे, आत थोरले महाराज बसवावे, आणि दसऱ्याचे दिवशी मातोश्रींचे हाती द्यावे. मग परदेशी गेलेले मेहुण्याकडून विमानाचे सुटे भाग आणविले, आणि शेंगदाण्याएवढे महाराज रंगविले, त्यांस मिशी काढली, गळ्यात तांबडा मफलर घातला, आणि सर्व सिद्ध जाहले. परंतु काच राहिली. वैमानिकाचे डोक्यावर काचेचा घुमट असतो तो. घुमट एकच, दुसरा मिळणे नाही. आणि त्याचे मध्यावर साच्याची रेघ उमटलेली, ती नेमकी महाराजांचे नाकावर येई.

मग राजे मोहिमेस सिद्ध जाहले. अति बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून रेघ घासू लागले, आणि रेघ गेली, परंतु तिजबरोबर काचेची दृष्टीही गेली; सारा घुमट पांढरा फटक जाहला. राणीसाहेब चहा घेऊन आल्या, त्या पाहतच राहिल्या.

"अहो, ही काय काच राहिली? मोरीच्या खिडकीला बसवा आता."

"दम धर गं. आधी आंधळी केल्याशिवाय ती डोळस होत नाही."

"हे आईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरला तेवढं सांगू नका."

मग राजांनी जुने बनियनची चिंधी घेतली, तिजवर टूथपेस्ट घेतली, आणि हलके हलके चोळीत बसले. घरातील नळी सारी त्या कामी खर्ची पडली आणि दरबाराने मिठाने दात घासले, परंतु काच उजळली. वर फरशीचे पातळ पॉलिशात काच एकदा बुडविली. तैसे पॉलिश आता बाजारात दिसत नाही. तेव्हा फरशीही चमके आणि विमानेही चमकत. पॉलिश वाळावयास हवे होते, परंतु राजांस धीर कैचा? बसते की नाही पाहू, म्हणोन ओलीच काच विमानावर ठेविली, धूळ न पडावी म्हणोन वर वाडगा पालथा घातला, आणि आपण स्नानास गेले.

तो दिवस खंडेनवमीचा. शस्त्रे, हत्यारे, वाहने पूजावयाचा. मातोश्रींनी मेजावरील चिमटे, कानशी, कुंचले ओळीने मांडिले, एकेकास हळदकुंकू वाहिले, आणि वाडग्याखाली एखादे हत्यार राहिले असेल म्हणोन वाडगा उचलिला. तो आत विमान, आणि विमानात मिशीवाले महाराज, समोर पाहत बसलेले. मातोश्रींचा हात आपसूक पुढे गेला, आणि ओले हळदीचे बोट काचेवर, महाराजांचे तोंडासमोर, टेकले. राजे पंचा गुंडाळून बाहेर आले, त्यांनी झडप घालून काच पुसली. परंतु ओले पॉलिशाने हळद पिऊन टाकिली होती. पुसली तो आणिक पसरली. सारा घुमट पिवळा.

इतक्यात समोरचे दरवाजाचे संस्थानिक गोविंदपंत आपट्याची पाने मागावयास आले. त्यांनी आत डोकावून पाहिले.

"मुकुंदराव, विमान झकास. पण वैमानिकाला कावीळ झालीये."

कोणी हसले नाही. पंत पाने न घेताच परतले.

राजे म्हणाले, "जाऊ दे आई, नवीन मागवू." परंतु नवीन कोठून येणार, हे मातोश्रींस समजत होते. त्या दिवशी त्यांनी पुरणाची पोळी ताटात तशीच ठेविली.

"तिकडे विमानाच्या शाळेतही मी हळद काचेलाच लावायचे," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला बायकामुलांना मैदानात सोडत. हे आधीच आत जाऊन बसलेले. म्हणायचे, जानकी, चाकाला लाव, काचेला नको, मला पुढचं दिसू दे. मी मुद्दाम काचेला लावायचे. मग पुसायला रुमाल घेऊन बाहेर वाकत. वर्षभर विमान आणि मुलं, मुलं आणि विमान. तेवढंच तोंड जवळून दिसायचं."

मग राणीसाहेब हळूच वदल्या, "आई, हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलीची साडी पिवळी झाली, तर आपण काय करतो?"

मातोश्रींनी मान वर केली. "उन्हात घालतो. हळद उन्हाला भिते."

राजे म्हणाले, "प्लास्टिक आहे ते. भर उन्हात मऊ पडून वाकेल."

"मग कोवळ्या उन्हात घालू. मी बसते राखण."

दुसरे दिवशी दसरा; लोक सोने लुटावयास गेले, आणि मातोश्री गॅलरीत पाटावर विमान मांडून बसल्या. आपण छत्रीखाली, विमान उन्हात. ऊन चढले की विमान आत न्यावे, उतरले की पुन्हा मांडावे. नुसती काच ठेवा, ऐसे राजांनी सुचविले, त्यावर "त्यांनाही जरा ऊन लागू दे" हे उत्तर मिळाले. गोविंदपंत जिन्याने जाता थांबले.

"काकू, वाळवण काय घातलंय? कुरडया की पापड?"

"मालकांना घातलंय. तुम्हीच म्हणालात ना, कावीळ झालीये."

पंत ओशाळले, आणि मग घरून स्टूल आणून विमानाचे दुसरे बाजूस बसले. कबुतरे येत, त्यांस हाकलण्याचे काम त्यांजकडे आले.

आश्विनाचे ऊन मोठे करारी. पिवळे होते ते फिके जाहले, फिके होते ते विरले, आणि कोजागिरीस काच ऐसी निर्मळ जाहली की तेथे काच आहे हे बोट लावल्यावाचून कळू नये. आणि बोट कोणी लाविले नाही. मग राजांनी पांढऱ्या डिंकाची बारीक रेघ ओढून ती कायमची बसविली. झटपट चिकटविणारा गोंद वर्ज्य, कारण त्याचे वाफेने काच पुन्हा पांढरी होते. विमान मातोश्रींचे हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, आणि बहुत वेळ आत पाहिले.

"मिशी जरा जाड झालीये," त्या म्हणाल्या, आणि दुधाचा पेला मागितला.

येथे वृत्तांत सरला. राज्य पुढेही चालले, विमाने वाढली, टूथपेस्ट दोन येऊ लागल्या. पुढील साली खंडेनवमीस मुकुंदरावांनी बजाविले, "आई, चाकाला लाव." मातोश्रींनी काचेलाच लाविले. पॉलिश पक्के वाळलेले, काचेस धोका नव्हता. राजे रुमाल घेऊन पुसावयास वाकले. मिशी त्यांसही होती. मातोश्रींनी लेकाचे तोंड जवळून पाहून घेतले. पुढेही दर साली ऐसेच घडले.