शनिवारी व्हाया फेराटा

पार्ल्याच्या मधुकर दातारांना 'व्हाया' हा शब्द कोणी शिकवायची गरज नव्हती. एका खासगी बस कंपनीत पाट्या रंगवून घेण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. गुहागर व्हाया चिपळूण, श्रीवर्धन व्हाया माणगाव. त्यामुळे लेकीने, गार्गीने, कोकणच्या सहलीचा फॉर्म पुढे धरून "बाबा, शनिवारी व्हाया फेराटा, चालेल ना?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही.

"न चालायला काय झालं? दोनदा गेलोय मी."

"तुम्ही? फेराटा?"

"मग! रस्ता जरा खराब आहे. पण मिसळ झकास मिळते."

गार्गी आईकडे बघतच राहिली. पद्मजाबाई शेंगा सोलत होत्या. "त्यांना सगळं माहीत असतं," एवढंच म्हणाल्या आणि दोघांच्या नावापुढे खूण करून मोकळ्या झाल्या.

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. गाडी समुद्राकाठच्या एका कड्यापाशी थांबली. दातार मिसळीचं हॉटेल शोधू लागले, तोवर जान्हवी नावाच्या तिथल्या पोरीने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, कमरेला पट्टे आवळले आणि कड्याकडे बोट केलं. वरपर्यंत ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, बाजूने तार, खाली लाटा. हाच तो फेराटा. अरे देवा, ते गाव नव्हतंच!

दातारांना सोसायटीच्या गच्चीवरसुद्धा गरगरायचं. "माझं पोट जरा..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबांनी दोनदा केलंय हं हे," गार्गीने कौतुकाने सांगितलं.

"काय सांगता! मग काका, तुम्हीच पुढे व्हा. बाकीचे तुमचं बघून शिकतील," जान्हवी म्हणाली.

आता खरं सांगावं तर लेकीसमोर नाक कापलं जाणार, न सांगावं तर जीव जाणार. दातारांनी नाक वाचवलं. दहा पायऱ्या कशाबशा चढले आणि अकरावीला घोरपडीसारखे चिकटले. मागे रांग तुंबली.

"काका, मागच्या वेळी इथून कसे गेलात?" जान्हवीने खालून विचारलं.

"बसने!" दातार ओरडले. "अगं बाई, मला ते गाव वाटलं! मी कधी आलोच नाही इकडे! उतरवा मला!"

खाली हशा पिकला. त्यांच्या पायाशी, दोन पायऱ्या मागे, नव्या कोऱ्या ट्रॅकपँटमधल्या पद्मजाबाई मात्र हसल्या नाहीत.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गार्गीने आधीच मोबाइलवर दाखवलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आला असतात? चौतीस वर्षं झाली लग्नाला. दापोली व्हाया कुंदावन्सं, गणपतीपुळे व्हाया कुंदावन्सं. समुद्र तासभर, आणि तुमच्या बहिणीकडे दोन दिवस पोळ्या लाटायच्या! एकदा माझ्या व्हायाने चला की हो!"

दातारांना वाईट वाटलं, खरोखर वाटलं. त्यांनी डोळे मिटले, तार घट्ट धरली आणि पाय बाराव्या पायरीवर ठेवला.

"वर गेल्यावर थांबू हं जरा," मागून पद्मजाबाई म्हणाल्या. "मिसळ झकास मिळते म्हणे."