हाड आडवं येतंय की!

शेंडगेकाका माणसाला भेटले की नमस्कार नंतर करतात, आधी टकटक करतात. शेजारी राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या पाण्याच्या टाकीवर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवलं आणि म्हणाले, "निम्मी रिकामी हाय." मग चहा घेताना आमच्या ह्यांच्या कपाळावर वाजवलं. "साहेबांचं हाड लई जाड हाय." ह्यांना राग यावा की अभिमान वाटावा ते कळेना. त्यांनी नुसता चहाचा घोट घेतला.

काकांनी आयुष्यभर सोनोग्राफीची यंत्रं दुरुस्त केली. मूळ गाव सांगोल्याकडचं, पण यंत्रांच्या मागे सगळा जिल्हा पालथा घातलेला. पडदा काळा पडला की डॉक्टर त्यांना फोन करायचे आणि काका हत्यारांची पिशवी घेऊन एसटीत बसायचे. निवृत्त होऊनही कान मात्र कामावर राहिले. कलिंगड घ्यायचं असलं की आमची गल्ली त्यांनाच बाजारात घेऊन जाते.

पण गेल्या दोन वर्षांत त्यांना एकच विषय सुचत होता. भाजीवाली असो, इस्त्रीवाला असो, काका पिशवी खाली ठेवून सुरू करायचे.

"मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना लई बारीक जाळी असतीया. विष आत जाऊ नये म्हणून. पण औषधबी तितंच अडतंय. आता बगा, शिरंतनं बारीक बुडबुडे सोडायचे. भायेरनं डोक्यावर आवाज मारायचा, आपल्याला ऐकू न येणारा. जितं आवाज एका जागी येतोय तितं बुडबुडे थरथरत्यात, जाळी सैल पडतीया, औषध आत. काही तासांनी जाळी परत जुळतीया."

"मग करा की," भाजीवाली म्हणायची.

"हाड आडवं येतंय की!" काका हळहळायचे. "पोटावर सोपं असतंय. डोक्याला हाड. म्हणून चारी बाजूनं, शेकड्यानं आवाज मारावे लागत्यात."

एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर काका पलीकडच्या गच्चीत डोक्यावर पिठाची चाळण उपडी घालून बसलेले. हातात लाल पेन. आरशात बघून चाळणीवर खुणा करत होते. मला बघून जराही ओशाळले नाहीत. "बाई, डावा कान मधी येतोय," म्हणाले. मी कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणतात.

गल्ली हसायची. मीही हसले आहे. पण हे खूळ कशातून आलं ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोला, नीलाकाकूंना, विसरण्याचा आजार जडला होता. आधी गॅस चालू राहायचा, मग घरचा रस्ता हरवू लागला, मग मुलाचं नाव गेलं. मुलगा पुण्याला. घरात दोघंच. स्वयंपाक काका करायचे.

परदेशात ह्या आजारावर आवाजाचा असा प्रयोग चालल्याचं त्यांनी कुठंतरी वाचलं आणि एका संशोधन केंद्राला काकूंचे सगळे रिपोर्ट पाठवले. एका सकाळी उत्तर आलं. ते मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. "इंग्रजी जड हाय. वाचा."

मी वाचलं. उपचार अजून चाचणीत आहे, निवडक रुग्णांवरच करतात, आणि तुमच्या पत्नीचा आजार त्यापुढे गेला आहे. लिहिणाऱ्यानं मायेनं लिहिलं होतं, पण अर्थ तोच.

 काकांनी टेबलावर उगीच एकदा टकटक केली.

"बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "मशीन नवं हाय. आदी नीट तपासायलाच पायजे. मी असतो तर मीबी हेच म्हटलं असतं."

उठता उठता म्हणाले, "बाई, मला कन्नड शिकवाल का?"

मला वाटलं, आता हे बेंगळूरच्या एखाद्या संशोधन केंद्राला पत्र लिहिणार. सत्तरीत ही जिद्द! मी पहिलीचं पुस्तक काढलं. पण काकांना मुळाक्षरं नको होती. "लिवायचं न्हाय. बोलायचं हाय. 'भिऊ नको' कसं म्हणत्यात?"

"हेदरब्याड."

"जेवलीस का?"

"ऊटा आता?"

ते वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचे. मग 'पाणी गरम आहे', 'वेणी घालू का', 'तुझा भाऊ बरा आहे'. कुठल्या संशोधकाला हे वेणीचं विचारणार, मला कळेना. उच्चार तर असे, की शेवटी मीच तोंडाला पदर लावायची.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे आमरस द्यायला गेले. दार उघडंच होतं. काकू पलंगाच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या, आणि काका चार हात लांब, जमिनीवर. "हेदरब्याड, नीलव्वा," ते त्यांच्या त्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणत होते. "हेदरब्याड."

तेव्हा मला उमगलं. काकूंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कन्नड मुलखातलं. लग्न होऊन आल्यावर शिकलेली मराठी त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. उरली होती ती लहानपणची भाषा.

"तीन महिने झाले," काका मला हळूच म्हणाले. "मराठीत बोललो की भिती. परका माणूस घरात शिरलाय म्हणती. पंचेचाळीस वर्सं तिनं माझ्या भाषेत संसार केला. मी तिचा एक शब्द शिकलो न्हाय. माहेरचा फोन आला की म्हणायचो, लागला तुझा रेडिओ."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. चेहरा जरा सैल झाला. त्या उठल्या, काकांनीच केलेल्या भाकऱ्यांची टोपली ओढली, ताट घेतलं आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "ऊटा माडि होग्री." जेवून जा.

काका ताटावर बसले. काकू समोर बसून आणखी काहीतरी बोलल्या. वाक्य लांब होतं. काकांनी वहीकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

काकू म्हणाल्या होत्या, तुमच्या घरी बायको वाट बघत असेल, जेवून लवकर निघा.

"सावकाश जेवा म्हणतात," मी म्हणाले.

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"बाई, 'मने' म्हंजे घर. आन् 'हेंडती' म्हंजे बायको. तेवढं आलंय मला आता," ते म्हणाले. काकूंनी आणखी एक भाकरी पुढं केली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आणि खरोखरच सावकाश जेवले.