मागच्या भिंतीतले नऊ किलो

विमान इंजिनावर उडतं असं ज्यांना वाटतं, त्यांना खुशाल वाटू दे! आमच्या साओ जोझे गावच्या विमान कारखान्यातलं सत्तर सीटचं नवंकोरं विमान पहिल्यांदा उडालं ते माझ्या टाक्यावर. थंडी आणि आवाज आत येऊ नये म्हणून विमानाच्या भिंतीत पातळ गाद्या भरतात. त्या शिवणारी मी, दोना ओदेत, म्हणजे ओदेतबाई. माझी शिवण एवढी घट्ट, की एकदा एक डास चुकून आत शिवला गेला, तो म्हातारा होऊन आतच वारला!

त्या पहिल्या उड्डाणात माझी लेक जुसारा बसणार होती. ती वजनाची इंजिनीअर. प्रत्येक स्क्रूचं वजन तिच्या कागदावर! सात वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. नवरासुद्धा तिने आधी उचलून बघितला असणार, असा माझा संशय आहे.

आता तुम्हीच सांगा, जे अजून एकदाही उडालेलं नाही त्यात पोटची पोर बसणार आणि मी नुसती गाद्या शिवत बसू? मी ठरवलं, विमानात संत बसवायचा. कुपेर्तिनोचे संत जोझे! हे प्रार्थनेला बसले की जमिनीवरून उचलले जायचे, थेट छतापर्यंत. वैमानिकांचे खास. मूर्ती माझ्या भावाने करून दिली. पण तो मेला पडला गवंडी! त्याने ती सिमेंटची केली. नऊ किलो! मी ती शेवटच्या रांगेमागच्या गादीत शिवून टाकली. कोणाला म्हणून पत्ता लागला नाही.

उड्डाणाच्या आदल्या सकाळी विमान काट्यावर चढवलं. हँगरची दारं बंद, पंखे बंद. वाऱ्याने आकडा हलतो ना! आम्ही सगळे श्वास धरून उभे. आकडा थांबला तो जुसाराच्या कागदापेक्षा चौसष्ट किलो जास्त!

"परत करा," डॉक्टर ओताविओ म्हणाले. हे आमचे मोठे साहेब. ताप उतरवणारे डॉक्टर नव्हेत, चढवणारे.

परत केलं. चौसष्ट. तिसऱ्यांदा केलं. चौसष्ट!

"जुसारा, बेरीज चुकली तुझी."

"नाही चुकली, डॉक्टरसाहेब."

"मग विमान काय राजमा-भात चापून आलंय? चार वाजेपर्यंत ताळा जमला नाही, तर उद्या तुझ्या सीटवर दुसरं कोणी बसेल."

पोरीने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि कागदात मान खाली घातली. तिच्या सात वर्षांवर मी सिमेंट ओतलं होतं. पण नऊचे चौसष्ट झाले कसे? मला वाटलं, चमत्कार! संत आत बसून वाढतायत!

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनकडे गेले आणि मी कात्री घेऊन विमानात शिरले. बघते तर वाटेत जमिनीच्या झाकणातून दोन पाय वर आलेले! आमचा इलेक्ट्रिशियन वाल्दिर, डोकं खाली, पाय वर.

"काय रे, काय करतोयस?"

"वायर बघतोय, मावशी."

मी वाकून झाकणातून आत डोकावले. "आणि काखेत काय आहे?"

"वायरच आहे."

"वायरीला मुकुट कधीपासून यायला लागला?"

बाहेर आला तो आमच्या देशाची रक्षणकर्ती आपारेसिदामाता कवटाळून, पितळेची! सहा किलोची!

"तुला लाज कशी नाही वाटत रे?"

"तुमच्या हातात कात्री कशाला, मावशी?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पंखाकडून एक रंगारी आला, शर्टात घोड्याचा नाल. संडासातून दोन फिटर आले, एकेक संत घेऊन. सामानाच्या फळीवरून कँटीनची आचारीण उतरली, हातात नजर लागू नये म्हणून ठेवलेली खड्यामिठाची बरणी! अहो, विमान कसलं, उडतं देऊळच ते! आणि मग सुरू झालं भांडण.

"माझी माता राहू दे, तुमचे संत काढा!"

"तुझी माता कोळ्यांना पाण्यात सापडली होती, हवेतलं तिला काय कळतं?"

"काय चाललंय इथे?"

दारात डॉक्टर ओताविओ. मागे जुसारा. सगळ्यांनी आपापले संत पाठीमागे लपवले.

तेव्हा मी पुढे झाले. नोकरी गेली तर गेली! "साहेब, चूक माझी. मागच्या भिंतीत सिमेंटचा संत मीच शिवलाय. मला काढा, पण पोरीची सीट काढू नका. तिची बेरीज बरोबर आहे!"

डॉक्टर वैमानिकाच्या खुर्चीकडे गेले, वाकले आणि खालून एक पिशवी ओढली. तीन किलो खडेमीठ!

"हे कोणाचं, साहेब?" वाल्दिरने भाबडेपणाने विचारलं.

"ते... दमट हवेसाठी," डॉक्टर म्हणाले आणि खोकले. बराच वेळ खोकले.

मग सगळं बाहेर आलं, माझ्या सिमेंटच्या संतासकट. टेबलावर सत्तावीस संत, अकरा नाल, मीठ, फुटबॉल क्लबचा काठीसकट झेंडा! तेवढ्यात आमचे वैमानिक ब्रांदाओ आले. टेबल बघून पांढरे पडले. "हे सगळं काढलंत? मग उद्या मी कशाच्या भरवशावर उडू?"

विमान पुन्हा काट्यावर. आणि आता नऊ किलो कमी!

"आता कमी?" डॉक्टर किंचाळले.

जुसाराने लाल होत कागदाचं चौदावं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: 'मागची भिंत, आई: ९ किलो.'

"आई, त्या गादीला उंटासारखं कुबड आलं होतं गं! मी ती परस्पर तोलून घेतली. सकाळी बोलले असते, तर साहेबांनी तुला काढलं असतं."

म्हणजे माझा संत पहिल्यापासून हिशोबात होता! चौसष्ट किलो बाकीच्यांचे! आणि मी भर विमानात छाती पुढे काढून कबुली देत बसले होते.

डॉक्टरांनी कागद मिटला. "दोना ओदेत, ताळा जमायला हवा. संत परत शिवा." त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. वाल्दिर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, ते वेगळं.

दुसऱ्या सकाळी विमान उठलं. अहो, काय उठलं! मी रडले, आचारीण रडली, डॉक्टरांना पुन्हा खोकला आला. तासाभराने ते परत टेकलं आणि जुसारा जिना उतरून माझ्या गळ्यात पडली.

"बघितलंस?" मी म्हटलं, "कसं अलगद उचललं संतांनी!"

"आई, तुझ्या संतांनी शेपूट जड झालं होतं. मला पुढे पाण्याचे दोन कॅन बांधावे लागले, तोल साधायला."

म्हणजे संतांनी विमान उचललं नव्हतं. विमानानेच संतांना उचललं होतं, वर त्यांच्यापायी पाणीही वाहिलं!

तरी त्या संध्याकाळी मी चर्चमध्ये जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या. एक संत जोझेंची. दुसरी त्या कॅनची. पण हे फादरना सांगू नका.