गच्चीवरचा वजनकाटा

माणसाचं वजन ही त्याच्या एकट्याची कामगिरी नव्हे. त्यात पृथ्वीचाही हात असतो. हे सत्य अग्निशमन केंद्राच्या मोठ्या साहेबांनी ओळखलं, याबद्दल त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं. (साहेबांचं स्वतःचं वजन गोपनीय आहे.)

निमित्त झालं बंबाच्या ड्रायव्हरचं. त्याला सगळे गोलोबा म्हणत. तो नियमापेक्षा चार किलो जास्त भरला. महिन्याभरात उतरला नाही, तर बंब काढून घेऊन त्याला टेलिफोनजवळ बसवणार होते. गोलोबाचा जीव बंबात. टेलिफोनला चाकं नसतात.

साहेबांनी समिती नेमली. पृथ्वीची ओढ दोन गोष्टींवर ठरते, वस्तुमान आणि अंतर. वस्तुमान घटवायचं तर जेवण तोडावं लागतं, आणि इतका अमानुष उपाय समितीला (बैठक जेवणानंतर होती) सुचवेना. उरलं अंतर. ठरलं, वजन चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत करायचं.

गोलोबानं घरी हरखून सांगितलं. त्याची थोरली बहीण शाळेत विज्ञान शिकवायची.

"अरे शहाण्या, अंतर मोजायचं पृथ्वीच्या मध्यापासून. तिथून आपण आधीच सहा हजार चारशे किलोमीटर लांब आहोत. चार मजल्यांनी तिला काय कळणार?"

"मग किती वर जाऊ, ताई?"

"आणखी तेवढंच. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई. शिडी तुमच्याकडे आहेच!"

तेवढी शिडी नव्हती. (मागणी पाठवली आहे.) समितीला मात्र रोज चारदा तुलना हवी होती, खाली एकदा, वर एकदा. काटा एकच, तोही लोखंडी. "ज्याचं वजन, त्याचं ओझं," सहकारी म्हणाले. गोलोबा काटा पाठीवर घेऊन जिने चढे-उतरे. पहिल्या दिवशी तसूभर फरक नाही. समिती म्हणाली, उंचीला जरा वेळ द्या.

महिनाअखेर गोलोबा गच्चीत पाच किलो कमी भरला. खालीही तेवढाच भरला. तेव्हा 'गच्चीचा परिणाम तळमजल्यापर्यंत झिरपतो' असा निष्कर्ष निघाला. भोंगा वाजवत गोलोबा बंब घेऊन घरावरून गेला, तेव्हा ताई खिडकीतून ओरडली, "पॅन्ट सांभाळ रे!"

आता गच्चीवर साऱ्या शहराची रांग असते. लोकांचे हाल नकोत म्हणून साहेबांनी लिफ्ट बसवली. लिफ्टनं जाणाऱ्यांना अजून गुण आलेला नाही. त्यांनी आणखी उंच इमारत मागितली आहे.

हसा खुशाल, वाचकहो. फक्त पोट आत ओढून हसू नका. ओढलेलं पोटही पृथ्वी वजनात धरतेच.