पत्राचा खालचा अर्धा भाग

मास्तरांनी एका पत्राचं उत्तर सात महिने दिलं नव्हतं. पत्र त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचं होतं. ती आता शाळेसाठी जीवशास्त्राचं पुस्तक लिहीत होती. 'डीएनए तुटला की पेशी शेजारच्या जुळ्या प्रतीवरून मजकूर उतरवून घेते आणि तो सांधते, हे तुम्ही शिकवलंत. पण ही सोय पेशी हवी तेव्हा का वापरत नाही? तिला कोण आवरतं? मी हे वर्गात विचारलं, तेव्हा तुम्ही पुढच्या तासाला सांगतो म्हणाला होतात.'

तो तास अजून व्हायचा होता.

काल तिचं कार्ड आलं. पुस्तक पुढच्या सोमवारी छापायला जाणार होतं. उत्तर आलं नाही, तर ती तो परिच्छेद गाळणार होती.

मास्तरांनी उत्तर लिहिलं नव्हतं असं नाही. आजचं धरून अठरा वेळा लिहिलं होतं. दर वेळी 'हे चुकलं असेल तर?' असं वाटून ते मेजाच्या खणात जाई. वरच्या मजल्यावरच्या वकिलांना गळतीबद्दल लिहिलेलं पत्रही त्याच खणात होतं. तेही गेलं नव्हतं, म्हणून मेजाशेजारी बादली होती.

"अहो, झालं का? टपालपेटी साडेचारला उघडतात," बायको म्हणाली.

"एकदा वाचून बघतो."

"सकाळपासून एकदाच वाचताय! जा, तिकीट घेऊन या. तोवर मी पाकिटावर पत्ता घालते."

मास्तर गेले. बाईंनी पाकिटासाठी खण ओढला. तो अडकला. जोर लावल्यावर सुटला, पण त्याच्या फटीत मेजावरच्या पत्राचं टोक अडकलं होतं. पत्र मधोमध फाटलं आणि खालचा अर्धा भाग बादलीत पडला. बघता बघता पाणी निळं झालं.

नवऱ्याला हे दिसलं, तर तो एकोणिसाव्यांदा लिहायला बसणार! बाईंनी डोकं चालवलं. मास्तर प्रत्येक पत्राची दुसरी प्रत काढून ठेवत. उरलेल्या भागाची शेवटची ओळ होती, 'लिहीन लिहीन म्हणत होतो, पण धीर होत नव्हता.' तीच ओळ असलेला कागद खणात लगेच सापडला. बाईंनी घाईघाईत, अर्थाकडे न बघता, तिथून पुढचं सगळं नवऱ्यासारख्या बारीक अक्षरात उतरवलं आणि डिंकानं जोडून टाकलं.

तिकीट घेऊन आलेल्या मास्तरांनी अर्थातच पत्र पुन्हा वाचलं.

'तुटलेल्या टोकाशी जुळणारा मजकूर शोधून पेशी त्यापुढचं उतरवून घेते. मात्र डीएनएची दुसरी प्रत तयार असेल, तेव्हाच तिला ही मुभा मिळते. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण धीर होत नव्हता. आता थेंब थेट माझ्या मेजावर पडू लागले आहेत. कृपया आपल्या न्हाणीघराचा नळ दुरुस्त करून घ्यावा.'

"अगं, पेशीला न्हाणीघर कुठून आलं?"

बाईंनी सगळं सांगितलं. "ओळ तीच होती! तुम्ही सगळ्यांना एकच रडगाणं लिहिता, हे मला काय माहीत?"

मास्तरांनी कोरा कागद ओढला. "नव्यानं लिहायला हवं."

"चार वाजून पंधरा मिनिटं झालीत."

"पण मुख्य उत्तर खालच्या भागातच होतं गं. सारखा दिसणारा भलताच मजकूर हाती लागला, तर पेशी त्यावरून उतरवत सुटेल. म्हणून काही प्रथिनं पहारा करतात. चुकीची जोडी जुळायला लागली की ती सोडवतात..." मास्तर थबकले. बायकोकडे बघत म्हणाले, "तुला कुणी अडवलं नाही."

"घरात होतं कोण अडवायला?"

मास्तर हसले. त्यांनी पेन उघडलं आणि त्याच जोडलेल्या पत्राखाली लिहिलं, 'चुकीची जोडी सोडवणारी पहारेकरी प्रथिनं नसली तर काय होतं, ते वर दिसतंच आहे. आमचा पहारेकरी त्या वेळी तिकीट आणायला गेला होता.'

"वाचून नाही बघणार?" बाईंनी विचारलं.

"चूक आहे हे पक्कं माहीत आहे. आता काय वाचायचं?"

चार अठ्ठावीसला मास्तरांनी कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं. मग एकदा वाचून बघावं म्हणून सवयीनं हात आत घातला. पोचला नाही.