गफूर मिस्त्री आणि मोटारीतली सुसकारी

मेहकरात गफूर मिस्त्रीकडे मोटार न्यायची, तर तिच्यात काय बिघडलं ते सांगायचं नाही. तिचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. भर रस्त्यात, उभ्यानं. एका पोक्त वकीलसाहेबांना त्यानं तिथं बकऱ्यासारखं ओरडायला लावलं होतं. एक सरकारी अंमलदार शिरस्तेदारासमोर दोन मिनिटं घोरत उभे होते म्हणतात.

"सांगनं म्हंजे अक्कल चालवनं," मिस्त्री म्हणे. "अक्कल नोका चालवू. आवाज काढा."

अक्कल चालवण्याचाच आमचा धंदा. गावची विहीर सर्वांना खुली झाली पाहिजे, म्हणून मी जिल्हाभर भाषणं ठोकत होतो. एका सज्जन जमीनदारानं आठ दिवसांच्या बोलीवर आपली जुनी मोटार दिली होती, आणि ती चालवायला मी चारच दिवसांपूर्वी शिकलो होतो. त्या दिवशी चार वाजता लोणारच्या आठवडी बाजारात सभा. आसपासच्या खेड्यांत विहिरीवर दोर टाकू न देणारी झाडून सारी मंडळी त्या बाजाराला येतात. बाजार मोडला की ती आठ दिवस हाती लागत नाहीत.

आणि चिखली सोडल्यावर मोटार सुसकारे टाकू लागली. चढ आला की दमेकऱ्यासारख्या धापा टाकायची. कशीबशी मेहकरला आणली, तेव्हा एक वाजून गेला होता.

मी उतरलो तोच गरजत. "मिस्त्री, ही विरोधकांची करणी आहे! काल मोताळ्याच्या सभेत चारजण या मोटारीभोवती घुटमळत होते. तोंडावर उत्तर देता येत नाही, म्हणून या भ्याडांनी यंत्रावर हात टाकला!"

पुढच्या पत्रकाचा मथळाही मनात तयार होता.

मिस्त्रीनं पान थुंकलं. "गाडी असं म्हंते का?"

"म्हणजे?"

"आवाज काढा, भाऊ."

मी इकडेतिकडे पाहिलं. समोरचा शिंपी मशीन थांबवून दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता. नाइलाजानं मी म्हणालो, "स्स्स्."

"हे तं भाकरीवर पानी शिंपडल्यावानी झालं. दात जवळ घ्या."

"स्स्स्स्!"

"वारा बाहेर जाऊन राह्यला, का आत?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"तुमाले नसंल पडत. गाडीले पडते. आत वढून पाहा."

मी दात आवळून श्वास आत ओढला, आणि ठसका लागून कमरेत वाकलो. शिंपी मांडीवर थापा मारत होता. मिस्त्रीचा चेहरा मात्र उजळला. "हाव! हाच. कुठूनशी हवा आत घुसून राह्यली."

मग त्यानं इंजिन सुरू केलं, तेलाची बुधली घेतली, आणि सांध्यासांध्यावर थेंब सोडत गेला. एका जागी तेल पडलं आणि सुसकारी गपकन बंद झाली. दोन नट काढून त्यानं कार्बुरेटर उचललं. आतून चिमटीत धरून एक पेट्रोलनं भिजलेला, फाटका कागद बाहेर काढला. लाल शाईतली अक्षरं अजून वाचता येत होती: 'विहीर कोणाच्या बापाची?'

"मले वाचता येत नाही," मिस्त्री म्हणाला. "कोनं छापलं हे?"

"मी."

"आन इथं कोनं कोंबलं?"

मोताळ्याला इंजिन अडखळत होतं, म्हणून मी कार्बुरेटर खोलून साफ केलं होतं. तेव्हा सांध्यातलं जुनं पॅकिंग फाटलं आणि त्या जागी मी पत्रकाची घडी बसवली होती. आपल्या हुशारीवर खूश होऊन नंतर साफ विसरलोही होतो.

"मीच," मी म्हणालो.

"मंग करनी कोनाची?"

शिंप्याला हसताना उचकी लागली. मिस्त्री हसला नाही. "कागदच लागते इथं, भाऊ. पन जाड. आन तेल प्यालेला." त्यानं जवसाच्या तेलातला पुठ्ठा काढला, सांध्यावर ठेवला आणि लहान हातोडीनं कडेकडेनं ठोकत त्याचं पॅकिंग कापू लागला. टक्, टक्, टक्. मी घड्याळ दाखवलं. लोणार दाखवलं. जनजागृतीचं महत्त्व सांगितलं. तो म्हणाला, "बोलनं झालं का सांगा, मंग ठोकतो." मी गप्प बसलो. माझ्या सार्वजनिक आयुष्यातला तो सर्वात लांब मौनाचा काळ.

निघालो तेव्हा चार वाजले होते. "मी येतो संगं. रस्त्यानं आयकतो," म्हणत मिस्त्री पुढच्या मडगार्डवर बसला, आणि सुलतानपूरमार्गे लोणारपर्यंत इंजिनाकडे कान करून तसाच हिंदकळत आला.

बाजार मोडला होता. बैलगाड्या जुंपल्या जात होत्या. मी मोटारीच्या पायरीवर चढून ओरडलो, "बंधूंनो!" कांद्याचं पोतं शिवणाऱ्या म्हातारीनं वर पाहिलं. "मी बंधू नाही वो," म्हणाली आणि सुई ओढली. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. त्यानं पाना काढला, बॉनेट उघडलं, आणि अडीच तास खपून आवळलेले नट ढिले केले. हॅन्डल मारलं. स्स्स्स्स्!

"काय झालं बे?" एक गाडीवाला बैल सोडून धावला.

"फुटते वाटते!"

"मांगं सरका, आत साप हाये!"

"हाये ना," मिस्त्री गंभीरपणे म्हणाला. "थांबा, दाखवतो."

निघालेल्या गाड्या वळल्या. पाहता पाहता मोटारीभोवती माणसांचं कडं झालं, मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागले. तेव्हा मिस्त्रीनं इंजिन बंद केलं, पुढच्या एका बडबड्याला हटकलं, "गप बे," आणि मला म्हणाला, "बोला."

मी बोललो. विहीर त्या दिवशी काही खुली झाली नाही. दोघंचौघं तणतणत निघून गेले. पण उरलेले दिवस मावळेतो उभे होते, आणि सुलतानपूरकडच्या एका पाटलानं, "आमच्या गावात येऊन हे म्हना बरं," असं दरडावून आमंत्रण दिलं.

लोक पांगल्यावर मी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही काम केलेली गाडी स्वतःच बिघडवलीत?"

तो नट आवळत होता. "म्या दुकान टाकलं तवा मेहकरात दोन मोटारी होत्या. त्याबी चांगल्या चालत. रोज सकाळी हत्यारं पुसून मांडायचो, आन उभा राह्याचो. लोक समोरून जात. कोनी इचारत बी नसे, का बाप्पा, काऊन उभा हायेस. घरी बी इचारनारं कोनी नव्हतं." त्यानं पाना फिरवला. "भर बाजारात मानूस एकटा उभा दिसला का माह्यानं पाहवत नाही."

शेवटचा नट आवळून झाला. तरी तो खाली वाकून, इंजिनाला कान लावून, कितीतरी वेळ तसाच राहिला.

इंजिन बंदच होतं.